नांदायचं, पण तोडीस तोड

साल असेल १९९६-९७. डोंबिवलीत मानपाडा रोडवरच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात तेव्हा नुकतीच केबल आली होती. धाकटा भाऊ दिवसभर कार्टून नेटवर्कला चिकटलेला असायचा. रात्र झाली, की त्याच चॅनेलवरचे टॉम आणि जेरी गायब व्हायचे आणि तिथं टीएनटी नावाचं दुसरंच चॅनेल सुरू व्हायचं. त्यावर जुने हॉलिवूडचे सिनेमे लागत, पुष्कळसे ब्लॅक अँड व्हाइट. भाऊ कंटाळून उठायचा आणि रिमोट माझ्या हाती यायचा. मी तेव्हा आर्ट्सला. इंग्रजी कळायचं चार आणे, उरलेलं बारा आणे चेहऱ्यांवरून. आई दुसऱ्या दिवशीच्या डब्याची भाजी निवडत शेजारी बसलेली असायची.

एका रात्री असाच एक सिनेमा मधूनच लागला. कोर्टात एक बाई आणि एक पुरुष, दोघंही वकील, एकमेकांवर तुटून पडलेले. पुढच्याच प्रसंगात तीच दोघं एका स्वयंपाकघरात, मिळून जेवण बनवताहेत! आईनं भाजीतून मान वर केली.

"हे नवरा-बायको आहेत का गं?"

"हो."

"आणि सकाळी एकमेकांच्या विरुद्ध उभे?"

"हो."

"मग रात्री एका घरात राहतात कसे?"

मला उत्तर देता आलं नाही. सिनेमा होता 'अ‍ॅडम्स रिब', १९४९ सालचा. नावसुद्धा मला पुष्कळ वर्षांनी कळलं.

आता इतक्या वर्षांनी तो का आठवला, ते सांगते. नवरा-बायकोची भांडणं सामोपचारानं मिटावीत म्हणून आमच्या भागात आम्ही तिघी-चौघी आठवड्यातून एकदा बसतो. येणाऱ्या तक्रारी बहुतेक ठरलेल्या. दारू, पैसा, सासू, आणि अलीकडे मोबाइल. पण मध्यंतरी एक जोडपं आलं, त्यांची तक्रार आमच्या वहीतल्या कुठल्याच रकान्यात बसेना. दोघंही गणिताचे क्लास घेणारे. घर एकच, हॉल एकच. लग्नानंतर त्यानंच हौसेनं तिला क्लास सुरू करून दिला. पाचवी ते सातवी तिनं घ्यायची, आठवी ते दहावी त्यानं, अशी वाटणी. काही वर्षांनी सातवीच्या मुलांचे पालक म्हणायला लागले, आठवीलाही आम्हाला मॅडमच हव्यात. बघता बघता तिच्याकडे चौतीस मुलं झाली आणि त्याच्याकडे अकरा उरली. आता त्याचं म्हणणं एवढंच, की तिनं वरचे वर्ग बंद करावेत. बाकी माणूस सज्जन. दारू नाही, अंगावर हात टाकणं नाही. आम्ही त्याला खोदून विचारलं, तेव्हा खाली बघून म्हणाला, "ती चांगलं शिकवते हो. ते मला कळतं, म्हणून तर त्रास होतो."

आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. दारू पिणाऱ्याला काय सांगायचं ते आम्हाला पाठ आहे. याला काय सांगणार?

घरी येताना आईचा तो प्रश्न आठवला आणि पुढच्या भिशीला मी सगळ्यांना 'अ‍ॅडम्स रिब' दाखवायचा बेत केला. भाचीनं पेन ड्राइव्हवर आणून दिला, खाली इंग्रजी अक्षरं येतात तसला. क्लासवाल्या बाईंनाही बोलावलं.

गोष्ट अशी. न्यूयॉर्कमधली एक साधीसुधी बाई बाहेरख्याली नवऱ्याच्या मागावर जाते, त्याला दुसरीबरोबर पकडते आणि पिस्तूल झाडते. नवरा जखमी होतो, मरत नाही. खटला उभा राहतो. सरकारी वकील अ‍ॅडम बॉनर, म्हणजे स्पेन्सर ट्रेसी. आणि आरोपी बाईचं वकीलपत्र घेते अमांडा बॉनर, म्हणजे कॅथरिन हेपबर्न, अ‍ॅडमची बायको! अमांडाचं म्हणणं, हेच एखाद्या नवऱ्यानं केलं असतं तर जग म्हणालं असतं, बिचाऱ्याचं डोकं फिरलं. मग बाईला वेगळा न्याय का? अ‍ॅडमचं म्हणणं, कायदा हातात घेतला तो घेतला, तिथं बाई-पुरुष काय बघायचं? खरी अडचण ही, की दोघांचंही पटतं. आमच्या भिशीत चहा येईपर्यंत दोन तट पडले होते.

कोर्टात दोघं आपापल्या टेबलाशी बसलेले असतात. मधूनच एकाची पेन्सिल खाली पडते, दुसऱ्याचीही पडते, आणि उचलायला वाकल्यावर टेबलाखालून दोघं एकमेकांकडे बघून घेतात. वर कडाक्याचं भांडण, खाली हे! नंतर नंतर पेन्सिल पडायची थांबते. भांडण खरंखुरं झालं, हे आपल्याला एवढ्यावरूनच कळतं.

बायका कशातही कमी नाहीत हे सिद्ध करायला अमांडा एकेक कर्तबगार बाई साक्षीला उभी करते. त्यातली सर्कशीतली एक पहिलवान बाई भर कोर्टात अ‍ॅडमला उचलून धरते. आमच्याकडे हसून हसून पुरेवाट झाली. आणि तो मालिशचा प्रसंग. घरी तो तिची पाठ रगडून देत असतो आणि जाता जाता एक चापटी मारतो. दिसायला थट्टेतली. पण ती ताडकन उठते. ही थट्टेतली नव्हती, तुझ्या मनात होतं तेच हातातून आलं, असं ती त्याला सुनावते. तो साफ नाकारतो. मैत्रिणींनो, त्या क्षणी आमच्या हसणाऱ्या खोलीत एकदम शांतता पसरली. थट्टेतली चापटी कुठली आणि मनातली कुठली, हे ओळखायला बाईला इंग्रजी यावं लागत नाही.

अ‍ॅडम घर सोडून जातो. अ‍ॅडम घर सोडून जातो. पुढे एका रात्री तो पिस्तूल घेऊन येतो, कारण शेजारचा एक गाणी रचणारा गृहस्थ तिच्याभोवती घुटमळत असतो. अमांडा ओरडते, तुला हा हक्क नाही! तो म्हणतो, मी कोर्टात हेच म्हणत होतो. आणि पिस्तूल तोंडात घालून चावून खातो. ते ज्येष्ठमधाच्या मिठाईचं असतं! शेवटी दोघं एकत्र येतात. त्याला न्यायाधीशपदाच्या निवडणुकीची उमेदवारी मिळालेली असते, तर ही विचारते, विरुद्ध पक्षानं त्यांचा उमेदवार ठरवला का रे?

ही पटकथा लिहिली रूथ गॉर्डन आणि गार्सन कॅनिन या नवरा-बायकोनं, दिग्दर्शन जॉर्ज क्यूकर यांचं. कल्पना सुचली ती एका खऱ्या वकील जोडप्यावरून, असं सांगतात. विल्यम आणि डोरोथी व्हिटनी हे दोघं रेमंड मॅसी या नटाच्या घटस्फोटात समोरासमोरच्या पक्षांचे वकील होते. खटला संपल्यावर त्यांनी आपलाही घटस्फोट घेतला आणि दोघांनी आपापल्या अशिलाशी लग्न केलं! आईच्या प्रश्नाचं एक उत्तर हेही आहे म्हणायचं.

असे सिनेमे हॉलिवूडनं तेव्हा पुष्कळ काढले. ट्रेसी आणि हेपबर्न यांनीच १९४२ ते १९६७ या काळात एकत्र नऊ सिनेमे केले. एकाच धंद्यातले दोघं, एकमेकांवर कुरघोडी करणारे, आणि भांडता भांडता प्रेमात. आजही ते बघावेसे का वाटतात, याचा मी बराच विचार केला. बायकोच्या कामाचं कौतुक करणारे नवरे आपल्याकडे कमी नाहीत. पण ते कौतुक बहुतेक लांबून असतं. 'आमच्या हिला हो, कामाची भारी आवड', असं. तिनं नेमकं काय केलं, ते किती कठीण होतं, हे त्याला ठाऊक नसतं. अ‍ॅडम बायकोचं कौतुक करत नाही. ती उलटतपासणीला उठली, की त्याला घाम फुटतो. तिचा मुद्दा किती धारदार आहे हे त्या कोर्टात सगळ्यांत आधी त्याला कळतं, कारण तो त्याच कामातला माणूस आहे. 'छान केलंस हं' यापेक्षा तो घाम मला कितीतरी मोठी पावती वाटते. मनापासून काम करणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा, कौतुक हवं की बरोबरीनं लढणारा हवा?

दुसरं कारण म्हणजे संवाद. १९३४ पासून अमेरिकेत सिनेमांसाठीची आचारसंहिता कडकपणे लागू झाली. पलंग, मिठ्या, चुंबनं, सगळ्यावर मोजमाप आलं. मग लिहिणाऱ्यांनी प्रेमाचा सगळा जोर बोलण्यात ओतला. शब्दाला शब्द, टोमण्याला टोमणा. म्हणून तर आई शेजारी बसलेली असताना मी ते निर्धास्त बघू शकले.

या बोलण्याचा कळस म्हणजे हॉवर्ड हॉक्स यांचा 'हिज गर्ल फ्रायडे' (१९४०). मूळ नाटकात, १९२८ सालच्या 'द फ्रंट पेज'मध्ये, संपादक आणि वार्ताहर दोघंही पुरुष. हॉक्सनं वार्ताहराला बाई केलं, तीही संपादकाची घटस्फोटित बायको. हिल्डी (रोझलिंड रसेल) सांगायला येते, की मी नोकरी सोडली, उद्या एका साध्या सरळ विमावाल्याशी लग्न करून सुखानं संसार करणार. संपादक वॉल्टर (कॅरी ग्रँट) तिला एक शेवटची बातमी करायला लावतो. फाशीच्या कैद्याची बातमी. तो कैदीच वार्ताहरांच्या खोलीत येतो आणि त्याला लिहायच्या टेबलाच्या कपाटात लपवावं लागतं. सगळे एकाच वेळी बोलतात, कुणी कुणाला पुरं करू देत नाही. आमच्याकडच्या शिळफाट्याच्या ट्रॅफिकसारखी गत! पण हिल्डी टाइपरायटरपुढे बसली, की तिच्याकडे बघत राहावं. शेजारी तो बिचारा विमावाला उभा असतो आणि हिला भान नाही. बातमी लिहिणं हाच तिचा श्वास आहे, हे वॉल्टरला कळलेलं असतं, विमावाल्याला कधीच कळत नाही.

तरी शेवट बघा. दोघं पुन्हा लग्न करायला निघतात. वॉल्टर पुढे, मोकळ्या हातानं. हिल्डी मागे, स्वतःची जड बॅग उचलून. मी हा सिनेमा पहिल्यांदा पाहिला तेव्हा खूप हसले होते. आता ती बॅग दिसते.

सगळेच सिनेमे गोड मानून घ्यावेत असं माझं मुळीच म्हणणं नाही. 'वुमन ऑफ द इयर' (१९४२) हा ट्रेसी-हेपबर्नचा पहिला सिनेमा. ती राजकारणावर लिहिणारी नामांकित पत्रकार, तो त्याच वर्तमानपत्रात खेळांवर लिहिणारा. शेवटी काय, तर जगभर हिंडणारी ही बाई नवऱ्यासाठी नाश्ता करायला जाते आणि तिला ते जमत नाही, याची यथेच्छ टर उडवली आहे. हा शेवट मागाहून बदलून टाकलेला. बाईला तिची जागा दाखवल्याशिवाय प्रेक्षकांना घरी कसं पाठवायचं, अशी भीती असावी. तो काळही तसाच होता. युद्धात पुरुष गेले तेव्हा अमेरिकेत बायकांना कारखान्यांत आणि कचेऱ्यांत बोलावलं, युद्ध संपल्यावर 'आता घरी जा' म्हटलं. या सिनेमांत तीच ओढाताण दिसते. एका हातानं दिलं, दुसऱ्या हातानं काढून घेतलं.

'द शॉप अराउंड द कॉर्नर' (१९४०) मात्र मला फार आवडतो. बुडापेस्टमधल्या एका दुकानात काम करणारे दोघं. एकमेकांचं तोंड बघवत नाही, आणि निनावी पत्रांतून त्याच दोघांचं प्रेम जमलेलं, त्यांना पत्ता नाही. यावरूनच पुढे १९९८ मध्ये 'यू हॅव गॉट मेल' आला. तो तुमच्यापैकी अनेकींनी पाहिला असेल. मेग रायनचं आईपासून चालत आलेलं पुस्तकांचं छोटं दुकान, समोर टॉम हँक्सचं अवाढव्य दुकान. तिचं दुकान बंद पडतं आणि ती त्याच्याच प्रेमात पडते. माझ्या मनाला हे कधी पटलं नाही. ज्यानं दुकान घालवलं त्याच्याशी लग्न? निदान भाड्यानं एखादा गाळा तरी मागून घ्यायचा!

आणि आपल्याकडे? आपल्याकडे नवरा-बायको एकाच कामात आणि बायको वरचढ, म्हटलं की पहिलं आठवतं ते 'अभिमान' (१९७३). दोघंही गायक, तिचं नाव त्याच्याहून मोठं होतं आणि संसार कोसळतो. हृषीकेश मुखर्जींचा सिनेमा सुंदरच आहे, दर वेळी रडू येतं. पण रडूच का यावं? त्याच गोष्टीवर हसता का येऊ नये? हसायला दोघंही शेवटपर्यंत उभे असावे लागतात. आपल्या गोष्टीत एक जण, बहुधा ती, आधीच खाली बसते.

असं म्हणावं तर आपल्या मातीत सवाल-जवाब आहेतच की. कलगीवाले आणि तुरेवाले! कलगीवाले शक्तीला श्रेष्ठ मानणारे, तुरेवाले शिवाला. म्हणजे बाई मोठी की पुरुष मोठा, यावर डफ-तुणतुण्याच्या तालावर रात्र रात्र झगडा. तमाशाच्या फडावर तर बाई भर लोकांत पुरुषाला जबाब देऊन गार करायची आणि फेटे उडायचे. पठ्ठे बापूरावांनी कुलकर्णीपण सोडून कवनं रचली आणि पवळाबाईंनी ती फडावर जिवंत केली, एकाला दुसऱ्यावाचून चालेना अशी ती जोडी. पण त्याच फेटेवाल्यांना घरात मात्र उलट बोलणारी बायको नको असायची. जबाब देणारी बाई बघायला तिकीट काढायचं आणि घरच्या बाईला म्हणायचं, तोंड वर करून बोलू नकोस. अमांडानं ही दोन्ही दारं एका घरात आणली, म्हणून ती मला एवढी मोठी वाटते.

वकिलीचं म्हणाल, तर आपल्या देशात बायकांना वकिली करण्याची मुभा देणारा कायदा झाला १९२३ मध्ये. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी ऑक्सफर्डला कायद्याच्या परीक्षेला बसल्या होत्या १८९२ मध्ये! एकतीस वर्षं थांबावं लागलं. आणि मुंबई उच्च न्यायालयात पहिली महिला न्यायाधीश, सुजाता मनोहर, आल्या १९७८ मध्ये. पडद्यावरच्या अमांडानंतर एकोणतीस वर्षांनी.

अलीकडे थोडं हसू आपल्याकडेही आलंय. 'फिर भी दिल है हिंदुस्तानी' (२०००) मध्ये शाहरुख खान आणि जुही चावला दोन चॅनेलांचे एकमेकांवर मात करणारे वार्ताहर होते. 'बँड बाजा बारात' (२०१०) मधली दोघं लग्नं लावून देण्याच्या धंद्यात भागीदार, मग प्रतिस्पर्धी. तिथं मला आवडलं ते हे, की दोघं वेगळे झाल्यावर दोघांचाही धंदा बसतो. त्याच वर्षीचा आपला 'मुंबई-पुणे-मुंबई'. त्यात धंद्याची चुरस नाही, शहरांची आहे. पण मुक्ता बर्वे आणि स्वप्नील जोशी पुण्यातून हिंडत दिवसभर नुसते बोलतात, भांडतात, आणि थिएटर भरलेलं.

भिशी संपल्यावर क्लासवाल्या बाई मागे रेंगाळल्या. म्हणाल्या, "ताई, तो पेन ड्राइव्ह दोन दिवस नेऊ का?" मी दिला. मनात धाकधूक होती. अमांडा जिंकते तो भाग बघून घरी आणखी भडका उडाला तर?

पुढच्या बैठकीला दोघं आले. बसायच्या आधीच त्यानं सुरुवात केली, "मॅडम, त्या अ‍ॅडमनं पिस्तूल खायला नको होतं. मुद्दा चांगला मांडला होता, त्याचा विनोद करून टाकला." ती म्हणाली, "विनोद केला म्हणूनच तो घरी परत येऊ शकला." तो म्हणाला, "म्हणजे पुरुषानं नेहमी हसंच करून घ्यायचं का?" ती म्हणाली, "मग मी इतकी वर्षं काय केलं?" अर्धा तास हे चाललं. आम्ही तिघी चहा पीत ऐकत होतो. क्लासचा विषय कुणी काढला नाही. आमच्याकडे आल्यापासून ते पहिल्यांदाच एकमेकांकडे बघून बोलत होते, आमच्याकडे बघून नाही.

तोडगा त्यांचा त्यांनीच काढला. नववी-दहावीच्या गणिताचे बोर्डात दोन भाग असतात, बीजगणित आणि भूमिती. बीजगणित तिनं घ्यायचं, भूमिती त्यानं. मुलं तीच, फी अर्धी-अर्धी. भूमिती तो खरंच छान शिकवतो, हे तिनंच आम्हाला सांगितलं. फळ्यावर हातानं काढलेलं त्याचं वर्तुळ कंपासनं काढल्यासारखं येतं म्हणे.

जूनपासून हे सुरू झालंय. परवा भाजी घेताना ती भेटली. सगळं ठीक ना, विचारलं. म्हणाली, "ठीक. फक्त दोन पालकांनी विचारलंय, भूमितीलाही मॅडमच मिळतील का म्हणून."

"मग? त्याला सांगितलंस?"

"अजून नाही," असं म्हणून ती कोथिंबिरीच्या जुड्या उलट्यासुलट्या करून बघायला लागली.